रेघेवरचं पाणी

बाईंनी पिशवीतून बाटली काढली आणि टेबलावर उघड्या पडलेल्या मासिकावरच ठेवली. साधी प्लास्टिकची, दोन लिटरची. दीड लिटरपाशी लाल मार्करची आडवी रेघ होती. ती डॉक्टरांनीच मारलेली होती.

अशा रेघा त्यांनी बावीस वर्षांत किती बाटल्यांवर मारल्या, गणतीच नाही. हृदय थकलेल्या माणसानं पाणी मोजून प्यायचं, नाहीतर पाय सुजतात, छातीत पाणी साठतं. तोंडी सांगितलेलं पेशंट दवाखान्याच्या पायरीवरच विसरतो, म्हणून रेघ. घरोघरी ती काळ्या दगडावरची ठरायची. पाठीमागे लोक त्यांना 'रेघवाले डॉक्टर' म्हणायचे आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

"कोणाच्या तरी उपयोगी पडेल," बाई म्हणाल्या. "स्वच्छ धुतलीय. घरात डोळ्यांसमोर नको वाटते."

बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. चार वर्षं त्या नवऱ्याला घेऊन येत होत्या. तो जाऊन दहा महिने झाले, आता स्वतःच्या ब्लडप्रेशरसाठी एकट्या येत. आजच्या त्या अडतिसाव्या पेशंट. डॉक्टरांचे डोळे चुरचुरत होते, कंबर भरून आली होती. त्यांनी बाईंच्या दंडाला पट्टा गुंडाळला. प्रेशर बरंच वाढलेलं होतं.

"गोळी चुकते का?"

"गोळी नाही चुकत. झोप लागत नाही." बाई बाटलीकडे बघत राहिल्या. "एक विचारायचं होतं, डॉक्टर. तेव्हापासून राहिलंय."

डॉक्टरांची नजर घड्याळाकडे गेली आणि गेल्याची त्यांना लाज वाटली.

"त्या दिवशी यांचं रेघेपर्यंतचं पाणी संध्याकाळीच संपलं. म्हणाले, एकच पेला दे गं, फक्त आज. चार वर्षांत मी कधी ऐकलं नव्हतं. डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे. हे आंघोळीला गेले तरी दाराशी उभी राहायचे, नळाचं पितील म्हणून. त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, दिला. गटागटा प्यायले. आणि पहाटे..." बाईंनी रेघेवर बोट ठेवलं. "माझ्या त्या पेल्यानं गेले का हो?"

दहा महिने ही बाई हे उशाशी घेऊन पडत होती तर! डॉक्टरांचा जीव कळवळला. पण उत्तर सोपं होतं.

"नाही, बाई. त्यांचे ठोके एकाएकी बिघडले. एका पेल्यानं माणूस जात नाही, शपथेवर सांगतो."

बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि कितीतरी वेळानं मोकळा श्वास सोडला. डॉक्टरांनाही बरं वाटलं. त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली. पण बाईंनी तीस वर्षं मुलांची उत्तरं तपासली होती.

"एका पेल्यानं काही होत नाही?"

"नाही."

"रोज एक जास्त दिला असता तर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"मग रेघ कशाला होती?"

अशा वेळची उत्तरं त्यांना तोंडपाठ होती. प्रत्येकाची प्रकृती वेगळी, तेव्हाची पद्धत तशी. कोणतंही चाललं असतं. बाहेर अजून पाच जण बसले होते. त्यांनी बाटली उचलली. खालच्या मासिकातला लेख त्यांनी दुपारी दोनदा वाचला होता आणि डबा तसाच राहिला होता.

"हे नवीन संशोधन आहे, बाई. तुमच्या मिस्टरांसारखे, गोळ्यांवर स्थिरावलेले पेशंट. निम्म्यांना पाणी मोजून दिलं, निम्म्यांना हवं तितकं."

"आणि?"

"तब्येतीत म्हणावा असा फरक पडला नाही. फार आजारी असतात त्यांची गोष्ट वेगळी. पण ते तसे नव्हते."

"काहीच फरक नाही?"

"एक पडला." डॉक्टरांना तो शब्द जड गेला. "मोजून पिणाऱ्यांना तहान जास्त लागली."

बाईंनी चष्मा लावला. लेखातलं डॉक्टरी इंग्रजी कळणार नव्हतं, तरी पानावरून बोट फिरवलं.

"आम्हाला असंच शिकवलं होतं," डॉक्टर म्हणाले. "मी रेघ मारून मोकळा झालो. राखण तुम्हाला करावी लागली."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर डॉक्टरांना सोपं गेलं असतं.

"तो एक पेला तरी दिला मी," त्या अगदी हळू म्हणाल्या. मग चष्मा काढून त्यांनी दाराकडे पाहिलं. "बाहेर एक सून बसलीय सासऱ्यांना घेऊन. मांडीवर अशीच बाटली आहे. माझी चिठ्ठी राहू दे. आधी तिला बोलवा."

डॉक्टरांनी घंटी वाजवली नाही. ते स्वतः उठून दारापर्यंत गेले.

त्यांना पाहताच सून लगबगीनं उभी राहिली. शेजारी म्हातारा कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत होता. डॉक्टरांनी काही विचारायच्या आतच तिनं बाटली उंच धरून त्यांना दाखवली.

"बघा डॉक्टर," ती हसून म्हणाली, "आप्पांनी सकाळपासून तीनदा मागितलं. रेघेवर एक थेंब दिला नाही."