निवळलेली बाटली

थोरल्याला आईशी धड दोन शब्द बोलायला सवड नव्हती, कागद पुढे सरकवायला मात्र भरपूर होती. बूटसुद्धा न काढता तो स्वयंपाकघरात शिरला. टेबलावर विक्रीचा कागद ठेवला, त्यावर पेन, आणि शेजारी आजची बाटली.

"बघ तूच. मी सांगितलं की तुला खोटं वाटतं."

म्हातारीनं बाटली उजेडाकडे धरली. अक्षरं तिला जेमतेम सहीपुरती येत. पण परसापलीकडची तेलविहीर ती तीस वर्षं बाटलीतून वाचत आली होती. विहिरीच्या तोंडाशी बाटली भरायची, तासभर निवळू द्यायची. तेल वर, पाणी खाली. नवरा होता तेव्हा तळाशी बोटभर पाणी असे. आज वर बोटभर तेल होतं आणि खाली सगळं पाणी.

सहा महिने टाकी कमी कमी भरत होती, ते तिलाही दिसत होतं.

"नळीत तेलातलं मेण साचलं असेल," ती म्हणाली. "तुझे वडील दर आठवड्याला तारेवर खरवडणी सोडायचे. मेण निघालं की तेल कसं धावत यायचं."

"खरवडणी सोडतोच आहे गं मी. हे मेण नाही. खालचा दाब गेलाय, पाणी वर चढलंय. त्याला औषध नाही. शेजारची कंपनी घेतेय तोवर देऊन टाक."

"एवढा इंजिनिअर झालास, आणि औषध नाही?"

"झालो म्हणूनच सांगतोय."

मुलगा इंजिनिअर झाला हे तिनंच गल्लीभर मिरवलं होतं. तिनं पेन उचललं. मग खाली ठेवलं. आधी बाटली रिकामी करू म्हणाली. तेलाचा थेंब वाया घालवायचा नाही, ही घरची शिस्त. वरचं तेल तिनं डब्यात ओतलं. पाणी मोरीत ओतताना हातावर सांडलं.

हात तसाच राहिला.

तिची बोटं भेगाळलेली होती. या विहिरीचं पाणी समुद्राहून खारट. भेगेत गेलं की डोळ्यांतून पाणी काढायचं. आज काहीच झालं नाही. तिनं बोट जिभेला लावलं. पाणी गोडं होतं. याच मोरीवरच्या नळाचं.

ती बाहेर पडली. परस ओलांडून विहिरीशी गेली. थोरला मागून "आई, ऐक तरी" करत आला. तार गुंडाळायचा रहाट गंजून घट्ट झाला होता. खरवडणी खुंटीला लटकत होती आणि तिच्यावर कोळ्यानं ऐसपैस संसार थाटला होता.

"किती महिने सोडली नाहीस?"

थोरला बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला. "कंपनी मला मोठ्या जागेवर घेतेय," तो शेवटी म्हणाला. "विहीर मिळवून दिली तरच. तू अशी कधी विकली असतीस का?"

नसती विकली. नाही म्हणाली असती, भांडली असती, चार दिवस अबोला धरला असता. पण तो भांडायला आलाच नाही. तिला वाचता येत होतं ते एवढंच, आणि पोटच्या पोरानं नेमकं तेच खोटं लिहून समोर ठेवलं.

म्हातारीनं खुंटीवरची खरवडणी काढली. पदरानं जाळं पुसलं आणि ती त्याच्या हातात दिली.

"मेण तू साचवलंस, तूच काढायचं. आत्तापासून. टाकी पहिल्यासारखी भरली की कंपनीला निरोप धाड. म्हणावं, म्हातारी विहीर देत नाही. मुलगा घेऊन जा, फुकट देतेय."