सशाचे नियम

आठवा नियम फिटरने तिसऱ्यांदा वाचला, तरी तो डोक्यात शिरेना. ‘तो बोलला नाही, तर का बोलत नाहीस म्हणून मागे लागायचं नाही.’ ससा कधी बोलतो का?

समोर गोणपाटावर पांढरा ससा नाक हलवत बसला होता. सकाळी मेव्हणी त्याला सोडून गेली होती. सोबत वहीच्या पानावर मुलीच्या अक्षरातली यादी. मुलगी नऊ वर्षांची. आई गेल्यापासून वर्षभर मावशीकडेच होती, बापाकडे यायचं नाव काढत नव्हती. आता एवढाच निरोप आला होता: आधी ससा राहील, मग बघू.

फिटर कामाला लागला. लाकडी पेटीला दार बसवलं. तळाला जाळी ठोकली, पण सशाच्या पायांना टोचेल म्हणून ती उपटून फळी बसवली, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली. वर वाळकं गवत. लपायला कोपऱ्यात पुठ्ठ्याचं खोकं. पाण्याला जड वाडगा, कलंडू नये म्हणून.

इथवर ठीक होतं. यादीने मात्र तो चक्रावून गेला. ‘कोबी अजिबात द्यायचा नाही.’ आणि ससा तर कोबीच्या पानावर तुटून पडला. ‘झोपताना दिवा लागतो.’ दिवा लावला की हा पठ्ठ्या अंधाऱ्या कोपऱ्यात पळे. ‘त्याच्यासमोर भांडी आपटायची नाहीत. लपला, तर हात धरून ओढायचं नाही.’ सशाचा हात?

पोरीला सशातलं काडीचं कळत नाही, असं त्याच्या मनात आलं. तरी त्याने कोबी बंद केला, दिवा चालू ठेवला. कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटात आवाज चढवून बोलायची सवय. घरात तो दबकत वावरू लागला. आपल्याच घरात चोरासारखं वाटायचं.

सहाव्या दिवशी सशाने चार्जरची वायर कुरतडली. फिटर काय ओरडला, त्याचं त्यालाच कळलं नाही. ससा खोक्यात गडप झाला. फिटरने हात आत घातला आणि तसाच मागे घेतला. मग तो जमिनीवर बसून राहिला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला.

“बाबा, ससा कसाय?”

“मजेत आहे.”

“तुम्ही ओरडलात त्याच्यावर?”

‘नाही’ अगदी ओठांवर आलं होतं.

“ओरडलो. एकदा.”

“मग?”

“मग तो आत जाऊन बसला. मी बाहेर बसलो. तीन तासांनी आला आपणहून.”

“ओढलं नाहीत?”

“नाही गं.”

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. फिटरने काही विचारलं नाही.

“बरं,” ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मेव्हणी दारात उभी राहिली. हातात रिकामी टोपली. फिटर पेटीच्या आड येऊन उभा राहिला.

“नेतेस त्याला? अगं, एकदाच आवाज चढला माझा. बाकी सगळं यादीबरहुकूम केलं. न कळता केलं, पण केलं. काय चुकलं ते तरी सांग.”

मेव्हणीने ससा अलगद उचलून टोपलीत ठेवला.

“काही चुकलं नाही, भाऊजी. ससा तिच्या मैत्रिणीचा आहे, आठवड्यासाठी मागून आणला होता तिनं. आता पोरगी खाली बॅग घेऊन उभी आहे. वर येऊ का, विचारतेय.”