चकतीवरचं तेल

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट एवढीशी आहे, पण ऐकताना जीव मुठीत धरावा लागेल.

सुनेची सायकल अंगणातल्या भिंतीला टेकवली होती आणि म्हातारा शिंपी तिच्यापुढे मांडी घालून बसला होता. डोंगरात चालवायची, जाड चाकांची सायकल. तिच्यावरूनच दोघांचा अबोला होता. सायकल घरात आली त्या दिवशी सासरेबुवा सुनेला बोलून गेले होते, "सर्कशीत नाव घातलंय का?" तेव्हापासून सून त्यांच्याशी सासूमार्फत बोलायची. "आई, त्यांना सांगा, चहा निवतोय." ते समोरच बसलेले असत.

पण कान काही बंद करता येत नाहीत. रोज दवाखान्यात ड्यूटीला निघताना तिचे ब्रेक किंचाळायचे. गल्ली सपाट, पण कोपरा वळला की थेट उतार, आणि तळाशी भरधाव ट्रकांचा रस्ता. माफी मागायला म्हाताऱ्याची जीभ उचलेना. शेवटी त्यांनी ब्रेकचे नवे पॅड आणले.

काम मन लावून केलं. चाक काढलं, पिन ओढली, झिजून पत्रा उघडा पडलेले पॅड बाहेर काढले. ब्रेकमधले पुढे आलेले पिस्टन हलक्या हाताने मागे सारले, नवे पॅड बसवले, चाक चढवलं, ब्रेक कडक लागेपर्यंत दाबून पाहिला. मागच्या चाकाचंही तसंच. आणि पुन्हा किंचाळायला नको म्हणून दोन्ही चाकांच्या पोलादी चकत्यांवर आपल्या शिलाई मशीनचं तेल सोडलं.

सून बाहेर आली. नव्या पॅडांकडे पाहिलं, मग त्यांच्या काळ्या बोटांकडे.

"बाबा, तुम्ही बसवलेत?"

थेट त्यांना. मध्ये कुणी नाही.

"हो. जपून जा."

तिने सायकल फाटकापर्यंत नेली, क्षणभर थांबली, हसली आणि बसली. ते फाटकात उभे राहिले. कोपऱ्यावर तिने हात केला आणि दिसेनाशी झाली.

हलक्या मनाने ते उसना पाना परत द्यायला समोरच्या सायकलच्या दुकानात गेले.

"आवाज थांबला का, काका?" दुकानवालीने विचारलं.

"न थांबून सांगतो कुणाला! चकत्यांना तेल दिलंय."

तिचा चेहरा उतरला. "चकतीला? अहो, पॅड तिलाच तर पकडतात! उतारावर ब्रेक धरणारच नाही, काका!"

पाना तिथेच पडला. म्हातारा धावत सुटला. एक चप्पल वाटेत राहिली. देवा, आजच ती माझ्याशी बोलली रे, आजच नको. कोपरा अजून लांब होता. तेवढ्यात खालून ट्रकचा हॉर्न आला, लांबलचक. मग काहीच नाही. पाय थांबेनात.

ते कोपरा वळले.

उताराच्या मध्यावर सून चालत होती. दोन्ही हातांनी हँडल आवरत, टाचा रोवत, सायकल हाताने उतरवत.

"बसू नकोस गं! मी तेल..." पुढे दमच पुरेना.

"माहीत आहे, बाबा. फाटकातच कळलं. ब्रेक दाबला तरी चाक आपलं सुळकन पुढे. वर शिलाई मशीनचा वास!"

"मग बसलीस कशाला, वेडे?"

"तुम्ही बघत होतात ना."

म्हातारा तिथेच रस्त्याच्या कडेला बसला.

आता उठण्याआधी एक मागणं. देवापुढे हात जोडाल तेव्हा या सुनेलाही आठवा. त्या दिवशी ती ड्यूटीवर उशिरा पोचली, आणि मोठ्या नर्सबाईंनी सगळ्यांदेखत खडसावून कारण विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाली, "पंक्चर."