उताऱ्याचं सूप

ओक्बुनने गिऱ्हाइकाच्या कमरेवर दोन थापा मारल्या. पालथ्या पडलेल्या बाईने कूस बदलायची, एवढाच त्यांचा अर्थ. पण बाई किंचाळलीच.

"अगं, अंग घासतेस की धोपटतेस?"

ओक्बुनचा हात बधिर होता. थाप किती जोरात बसली ते तिला कळलंच नाही. बादलीकडे वळताना डावा पाय फरफटला आणि तिने भिंत धरली. नेमकी तेव्हाच हमामखान्याची मालकीण ग्वाक दारात उभी होती. हल्ली ती सारखी पाळतीवरच असायची.

"इकडे ये." कपाटांमागे नेऊन मालकिणीने आधी तिचं तोंड हुंगलं, मग तिची बाटली. बाटलीत बर्फ घातलेलं जवाचं पाणी, दुसरं काही नाही. मालकिणीच्या कपाळाला आठी पडली.

"दारूचा वास नाही. मग झोकांड्या कसल्या? आजारबिजार असेल तर आत्ताच सांग. गिऱ्हाइकाच्या अंगावर कोसळलीस तर टाळं लागेल इथे. अशी बाई मला नको."

ओक्बुनला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. अंग तापलं की हातपाय बधिर व्हायचे, डोळ्यांपुढे धुकं यायचं. उष्णतेपासून लांब राहा, असं डॉक्टर म्हणाले होते. हमामात राबून पोट भरणाऱ्या बाईला! दुसरं काम तिला येत नव्हतं.

"काल रात्री सोजू जरा जास्तच झाली, ताई," ती मान खाली घालून म्हणाली. जन्मात तिने दारूचा थेंब चाखला नव्हता. "वास गेला, पण पाय अजून ताळ्यावर नाहीत."

मालकीण टक लावून बघत राहिली. मग खदखदून हसली.

"मेले, आधी नाही का बोलायचंस! मी कुठल्या कुठे पोचले. प्यायलेलीला उतारा देता येतो, आजाराचं काय करायचं?"

शेजारच्या खानावळीतून तिने हाडांचं सूप मागवलं. मातीच्या भांड्यात ते अजून रटरटत होतं.

"निवू दे जरा," ओक्बुन म्हणाली.

"निवलेल्या सुपाने कधी नशा उतरलीय?" मालकीण स्टूल ओढून समोर बसली. तिची नजर पुन्हा बारीक झाली. "संपव. मी बसलेय इथेच."

ओक्बुनने वाफेत तोंड घातलं. एकेक घोट घशाखाली गेला तशी समोरची मालकीण अंधुक होत गेली.

"फक्कड झालंय हं, ताई," ती हसून म्हणाली, आणि तिने चमचा भांड्याबाहेर, कोरड्या मेजावर बुडवला.