एन्झाइमची खोबण

सकाळी दहाच्या सुमाराला एक बिबट्या शाळेच्या पडवीत आला आणि मांजरासारखा भिंतीला गाल घासत लोळू लागला. मुलांना हसू आवरेना. गावच्या आशा सेविका कलावती डुंबरे यांनी घाईघाईने दार लावलं आणि प्रयोगशाळेत डॉक्टर कर्णिकांना फोन केला. डॉक्टरांनी बनवलेले डास पळवणारे जिवाणू कलावतीताईंनीच तीन वर्षं आपल्या हातांनी मुलांच्या अंगाला चोळले होते.

"ताई, त्या जिवाणूंच्या एन्झाइममध्ये एक खोबण असते," डॉक्टर चाचरत म्हणाले. "तिच्यात रेणू जसा दुमडेल, तसा वास तयार होतो. खोबणीतलं एकच अमिनो आम्ल बदललंय. आता जो वास तयार होतोय, तो बिबट्यांना वेड लावतो."

"साबणाने जाईल?"

"नाही. ते कातडीत मुरलेत."

तेवढ्यात उसातून आणखी दोन बिबटे आले. पहिल्याने लोळणं थांबवून खिडकीच्या जाळीत नख्या रुतवल्या. जाळी करकरली, तशी मुलं किंचाळली.

कलावतीताईंनी आपले तळहात हुंगले. सगळ्यांत उग्र वास त्यांनाच होता.

"गुरुजी, वनखात्याला फोन करा आणि त्यांची गाडी येईपर्यंत दार उघडू नका," असं म्हणून त्या मागच्या दाराने बाहेर पडल्या आणि उसाच्या दिशेने चालू लागल्या.

तिन्ही बिबटे मुकाट त्यांच्या मागे निघाले.