गालिचा वाळेपर्यंत

धाकटीने आईच्या खोलीची खिडकी उघडली. ताईने लावली. धाकटीने पुन्हा उघडली आणि तिथेच उभी राहिली. गालिचे धुणारा माणूस आपल्या यंत्राची नळी गुंडाळत होता, तो खाली मान घालून गुंडाळतच राहिला. दोन बहिणींच्या मध्ये पडू नये, एवढं त्याला धंद्याने शिकवलं होतं.

"गार वारा येतोय. आई खोकतेय," ताई म्हणाली.

"आई पॅसेजमध्ये बसलीय. आणि वारा यायलाच हवा. विचार यांना."

त्याने न विचारताच सांगून टाकलं. खिडकी सताड उघडी, पंखा पाचावर, उद्या सकाळपर्यंत गालिच्यावर पाय नको, सामान तर नकोच. हा गालिचा भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला, उचलून उन्हात टाकायची सोय नाही. वरून कोरडा लागला तरी खाली अस्तरात पाणी राहतं. ते कोंडलं की दोन दिवसांत कुबट वास सुटतो, आधीपेक्षा दुप्पट.

"मग आईने आज झोपायचं कुठे?"

"तुझ्या खोलीत," धाकटी म्हणाली. "एका रात्रीने काय आभाळ कोसळतंय?"

"रंगकाम काढलं होतं तेव्हाही एकच रात्र होती. माझ्या खोलीत झोपवली. अंधारात उठली, दार समजून कपाटावर आदळली, मनगट मोडून घेतलं. तिला तिचीच खोली लागते. हाताला तिची भिंत लागली की झोपते, नाहीतर रात्रभर दार शोधत फिरते. तुला हे कुठून ठाऊक असणार? तू फोनवर होतीस तेव्हा."

गालिचा धुवायचं धाकटीने परस्पर ठरवलं होतं. वर्षातून दोनदा यायचं, बॅग उघडायच्या आधी नाक मुरडायचं आणि जाताना घराला शिस्त लावून जायचं, ही तिची रीत. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं म्हणा. संध्याकाळी सहाची तिची गाडी होती.

ताई तरातरा गेली आणि आपल्या खोलीतला हीटर घेऊन आली. बहिणीला बाजूला सारून तिने खिडकी लावली, हीटरची पिन खोचली. "बघच तू, सहाच्या आत वाळवते की नाही."

आता मात्र त्या माणसाला राहवलं नाही. "मॅडम, असं नका करू. पाणी जाणार कुठे? बंद खोलीत नुसता उकडून निघेल तो."

धाकटी हसली. त्या हसण्याने ताईचं डोकंच फिरलं. हॉलमध्ये आईची लोखंडी खाट भिंतीला टेकवून ठेवलेली होती. तिने ती आडवी केली आणि एकटीने ओढत दारापर्यंत आणली. धाकटी दारात आडवी उभी राहिली.

"ताई, खाटेच्या पायांचा गंज उतरेल. सगळं धुतलेलं फुकट जाईल."

"जाऊ दे."

"वास मारत होती ही खोली. माझी मुलं दारातून परत फिरतात. आजीजवळ जायला तयार नसतात."

"गालिच्याचा नव्हता तो वास," ताई म्हणाली. "आईचा होता. दिवसातून तीनदा अंथरूण बदलते तिचं, तरी येतो. तिलाही देतेस का यांच्याकडे धुवायला? मग खिडकीत वाळत घालू."

हे ती मुद्दाम बोलली होती, आणि बोलल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. पॅसेज दोन पावलांवर होता. आई खुर्चीत बसून शालीचे गोंडे ओढत होती. तिने ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

धाकटीचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "तुला एवढं जड होत असेल तर तसं स्पष्ट सांग. चांगल्या संस्था आहेत, मी चौकशी केलीय."

"चौकशीही करून झाली? बरं. मग आज रात्री थांब. हॉलमध्ये खाट टाकू, तू शेजारी बस. ती उठली की हात धरून पुन्हा निजव. गालिचाही वाळेल, खिडकीही उघडी राहील. मी एक दिवस झोपते."

"सहाची गाडी आहे माझी. माहितेय तुला."

"माहितेय. म्हणून तर विचारलं."

गालिचेवाल्याने यंत्र उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. खाट दारात आडवी होती, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती.

"चिमे," आईने हाक मारली.

 गेल्या कित्येक दिवसांत आईच्या तोंडी कुणाचं नाव आलं नव्हतं. धाकटी खाट ओलांडून पॅसेजमध्ये गेली, खुर्चीसमोर उकिडवी बसली. "ओळखलं गं तिने मला," ती म्हणाली आणि तिने मान वळवून ताईकडे पाहिलं. तिला ते दाखवायचंच होतं.

आईने तिचा हात आपल्या हातात घेतला. दारातल्या ताईकडे एकदा चोरून बघून आवाज खाली आणला, तरी तो सगळ्यांना ऐकू गेला.

"त्या बाईशी भांडू नकोस हं बाळा. सोडून गेली तर माझं कोण करणार?"

 ताईने खाटेचं एक टोक उचललं.

"दुसरी बाजू धरता का जरा," ती गालिचेवाल्याला म्हणाली. "आत, तिच्या भिंतीला लागून ठेवायचीय. तिचा हात पोचला पाहिजे."