मामोतेनाचं निशाण

मामोतेनाने काठीला पांढरं फडकं बांधलं आणि काठी अंगणात रोवली. ज्वारीची बिअर तयार झाली की मालोतीच्या डोंगरात असंच निशाण लावतात. तिचं निशाण तीन वस्त्यांवरून दिसायचं, आणि याचा तिला ताठा होता.

आज मात्र रांजण पालथा होता. बिअर तिने सकाळीच उकिरड्यावर ओतली होती. पालथ्या रांजणावर दवाखान्याच्या नर्सबाई पालेसा बसल्या होत्या, मांडीवर औषधांची पेटी घेऊन.

"खाउहेलोला इंजेक्शन दिलंय," त्या म्हणाल्या. "पण हा गुप्तरोग आहे. ज्याच्याकडून लागला तो पोरगा औषधाविना राहिला तर महिन्यात पुन्हा तेच दुखणं. मग पुढे मूल राहणं कठीण."

एकोणीस वर्षांची नात खाउहेलो दाराशी उभी होती. दोन दिवस झाले, त्या पोराचं नाव काही तिच्या ओठांवर येत नव्हतं.

"नको सांगूस," आजी म्हणाली. "बस तोंडाला कुलूप घालून. मी सगळ्यांनाच बोलावते."

"या महिन्यात अकरा जण आले माझ्याकडे," नर्सबाई हळू म्हणाल्या. "सगळी पोरं-पोरी तुमच्याच निशाणाखालची."

"माझी बिअर कुणाला रोग देत नाही."

"नाही देत. शुद्ध तेवढी घालवते."

मामोतेनाने मान वर करून फडक्याकडे पाहिलं.

चढावरून पोरं आली. सहा जण, खांद्यावर कांबळी, पायात गमबूट. पुढचा तुमेलो लांबूनच म्हणाला, "नखोनो, आजी, मोठा मग माझा. आधीच सांगून ठेवतो."

मग त्याला रांजण दिसला. पेटी दिसली.

"बिअर नाही तर निशाण कशाला लावलंस?"

"इतकी वर्षं ह्याच फडक्यानं बोलावलं, तेव्हा नाही विचारलंत कशाला. बसा. एकेकाने घरात जायचं, बाईंना खरं सांगायचं. मांजरासारखे डोळे मिटून पीत होतात, तेव्हा कुठं होती लाज?"

पाच जण घुटमळत बसले. सहावा, मोखेथी, बसला नाही. "मेंढ्या सोडून आलोय," म्हणत तो माघारी वळला.

मामोतेना तोंड उघडणार, तेवढ्यात खाउहेलो दारातून निघाली. कुणाकडे न बघता तिने अंगण ओलांडलं, त्याच्या आधी फाटकाशी पोचली आणि अडसर लावला.